गुरामीचा संसार आणि आपली लुडबुड

गप्पीवरच्या लेखाच्या शेवटी मी सहज एक वाक्य टाकलं होतं, ‘पिल्लं काढायची खरी मजा गुरामीत आहे.’ तेवढ्यावर इतकी पत्रं आली की संपादकांनी या वेळचं अख्खं सदर गुरामी या शोभेच्या माशाला देऊन टाकलं. मी काही मत्स्यशास्त्राची पदवीधर नव्हे. इचलकरंजीत जिन्याखाली काचेच्या चार टाक्या आणि गच्चीवर सिमेंटचे दोन हौद, असा पंचवीस वर्षांचा पसारा आहे. त्यात जे बिघडलं आणि जे जमलं, त्यावरून सांगते.

डोंबिवलीचे एक वाचक लिहितात: दोन फुटी टाकीत ब्लू गुरामीची जोडी आहे. नर रोज सकाळी कोपऱ्यात फेस काढतो, संध्याकाळी फेस गायब. मग तो मादीच्या मागं लागतो. तिची शेपटी फाटली आहे, दिवसभर ती हीटरमागं दडून असते. खाणं उत्तम, पाणी स्वच्छ, फिल्टरही टाकीच्या मानानं चांगला मोठा लावला आहे. बिनसतंय कुठं?

फिल्टरची ओळ तुम्ही कौतुकानं लिहिलीय, आणि दुखणं तिथंच आहे. तो बंद करा. निदान जोडी लावायची आहे तेवढे दिवस तरी.

गुरामीचं घर पाण्याच्या अगदी वरच्या थरावर असतं. नर वर येतो, तोंडात हवा भरतो, तिला लाळेचा चिकट पापुद्रा देतो आणि बुडबुडा सोडतो. परत वर, परत बुडबुडा. असे शेकडो एकमेकांना चिकटले की तुम्ही म्हणता तो फेस होतो. ते त्याचं घरटं. अंडी त्यात राहणार, फुटलेली पिल्लं त्यालाच लोंबकळणार. तुमचा मोठा फिल्टर नेमकं तेच पाणी दिवसभर ढवळतोय. सकाळी तो बांधतो, दुपारी तुम्ही मोडता.

मला ही अक्कल लोडशेडिंगनं दिली. २००६ च्या उन्हाळ्यात आमच्याकडं रोज कित्येक तास वीज नसायची. पंप बंद पडला की मी टाकीशेजारी स्टूल टाकून बसायची आणि तांब्यानं पाणी वर-खाली ओतत राहायची, मासे गुदमरतील म्हणून. एका रविवारी आम्ही सगळे हातकणंगल्याला लग्नाला गेलो. दुपारभर घरात वीज नाही आणि मीही नाही. संध्याकाळी येऊन बघते, तर टाकीच्या कोपऱ्यात तळहाताएवढा फेस, आणि त्यात खसखशीसारखे दाणे. पंपाइतकाच माझा तांब्याही आड येत होता, हे तेव्हा कळलं.

गुदमरायचा तर प्रश्नच नव्हता. गुरामीच्या कल्ल्यांच्या वर एक पोकळी असते, तिच्यात घड्याघड्यांचा, रक्तवाहिन्यांनी भरलेला अवयव असतो. त्याला लॅबिरिंथ म्हणतात. त्यानं तो वरची हवा थेट घेतो. ही जात वाढली तीच भातखाचरांत, दलदलीत, कोमट साचलेल्या पाण्यात, जिथं बाकीचे मासे तळमळतील. गुरामीचा एक चुलतभाऊ आहे, पॅराडाइज फिश. चीनकडून आलेल्या या माशाची पिल्लं पिएर कार्बोनिए या फ्रेंच मत्स्यपालकांनी १८६९ मध्ये पॅरिसमध्ये काढली. विजेवर चालणारा पंप तेव्हा कुणाच्या घरात होता? साध्या भांड्यातल्या शांत पाण्यात जमलं त्यांना.

आता मादीचं. तिची शेपटी फाटण्यात फिल्टरचा हात नाही. नर घरट्यावर आला की जी मादी अंडी घालायला तयार नाही तिला तो शत्रूच समजतो, आणि काचेच्या टाकीत तिला पळायला जागा नसते. म्हणून आधी तिला वेगळी करा. आठ-दहा दिवस दोघांना वेगवेगळं ठेवून दमदार खाऊ घाला. गोळ्या चालतात, पण डासांच्या अळ्यांची सर कशाला नाही. बादलीत पाणी उघडं ठेवलं की चार दिवसांत वळवळे दिसतात, चहाच्या जुन्या गाळणीनं गाळून धुऊन द्यायचे. बादली विसरू मात्र नका. सातव्या-आठव्या दिवशी त्यांचे डास होतात, आणि मग घरच्यांची बोलणी तुम्ही खायची. मादीचं पोट वरून बघितल्यावर दोन्ही बाजूंनी फुगीर दिसायला लागलं की ती तयार.

तोवर टाकी लावून घ्या. दोन फूट बाय एक फूट टाकीत पाणी फक्त सहा इंच ठेवायचं, म्हणजे साधारण २८ लिटर. जास्त खोल पाण्यात तळाशी गेलेलं अंडं किंवा पिल्लू वर आणताना नराची दमछाक होते. तळाला वाळू नको, दाणे तिच्यात हरवतात. नळाचं पाणी एक दिवस उघडं ठेवून क्लोरीन उडवलेलं. तापमान २७-२८ अंश. आपल्याकडं मार्च ते जून हीटर लागत नाही, दिवाळीनंतर लागतो. एका बाजूला पाण्यावर तरंगणारी झाडं टाका, फेसाला आधार मिळतो. दुसऱ्या बाजूला मादीसाठी दाट झुडूप करा. हायड्रिला चालेल, नाही तर फुटकी कुंडी आडवी ठेवा. मी देशी बदामाचं एक गळलेलं, वाळलेलं पानही तरंगत सोडते. नव्वद टक्के वेळा नर त्याच्याच खाली घरटं बांधतो. का ते त्यालाच ठाऊक, पण मला पान उचलून अंडी बघता येतात.

आधी नर सोडा, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मादी. त्याचं घरटं तयार असतं. ब्लू गुरामीचं घरटं म्हणजे अगदीच गबाळं, धुण्याच्या बादलीवरचा साबणाचा फेस जसा पसरतो तसं. त्याचा रंग गडद होतो, अंगावर आडवे पट्टे उमटतात, पाठीचा टोकदार पर ताठ होतो. सुरुवातीला तो तिला पळवतोच. आपण हात घालायचा नाही, फक्त लक्ष ठेवायचं. चोवीस तासांत जमलं नाही आणि तिचे पर फाटायला लागले, तर काढून घ्या आणि आठवड्यानं परत बघा.

जमणार असेल तर ते तिच्या चालण्यावरून कळतं. ती पळायची थांबते आणि डोकं खाली करून हळूहळू घरट्याखाली येते. पोटाखालचे ते दोन लांब दोरे दिसतात ना, त्यांनी दोघं एकमेकांना चाचपतात, आंधळ्यानं भिंत चाचपावी तसं. मग ती नराच्या कुशीला तोंडानं ढुशी देते. मी पंधरा-वीस वेळा बघितलंय, पण ही ढुशी बघताना अजून श्वास रोखला जातो. नर धनुष्यासारखा वाकतो, तिला वेढा घालतो आणि तिचं पोट वर येईल असं फिरवतो. दोघं थरथरतात. काही सेकंद दोघंही मेल्यासारखी स्थिर. आणि तिच्या पोटाजवळून एक धुरकट ढग निघतो, तीच अंडी. त्यांच्यात तेलाचा थेंब असतो म्हणून ती आपोआप वर चढतात. वेढा सुटतो, ती बाजूला पडते, आणि नर इकडं-तिकडं गेलेले दाणे तोंडात गोळा करून फेसात फुंकायला लागतो. पाच-दहा मिनिटांनी ती परत येते. दोन-तीन तास हे चालतं. मोठ्या मादीची अंडी हजाराच्या वर जातात. मी एकदा मोजायचा नाद केला होता, तीनशेवर सोडला.

शेवटच्या वेढ्यानंतर तो तिला हाकलतो. आता मात्र खरंच जीव घेईल. मादी लगेच बाहेर काढा, जाळी घरट्यापासून लांबच्या बाजूनं घाला. बापाला राहू द्या.

फोंड्याच्या एक वाचक लिहितात: पर्ल गुरामीनं अंडी घातली. तासाभरानं टॉर्च मारून बघितलं, तर नर अंडी तोंडात घेत होता. घाबरून त्याला काढलं. दोन दिवसांत फेस विरला, अंडी पांढरी होऊन कापसासारखी झाली.

तो खात नव्हता हो. तुम्ही पाळणाघरातून दाईच काढून नेलीत. फेस काही तासांत विरत जातो, नर दिवसभर नवे बुडबुडे भरत राहतो. निसटलेलं अंडं तोंडात घेतो, चिकट करून परत वर थुंकतो. बुरशी धरलेलं अंडं मात्र खरंच खाऊन टाकतो, आणि ते बरंच आहे, नाही तर शेजारच्याला लागतं. खातोय की ठेवतोय हे ओळखायचं असेल तर त्याचं तोंड बघू नका, तोंड घरट्याला लागल्यावर काय होतं ते बघा. दाणे बाहेर येताना दिसतात.

पहिल्यांदा बाप झालेला नर कधी कधी सगळी अंडी फस्त करतो, हेही खोटं नाही. आजूबाजूला धांदल असली की हमखास. तुमच्या टॉर्चनं तो बिथरला नाही हे तुमचं नशीब. टाकीच्या तीन बाजूंना वर्तमानपत्र चिकटवा आणि त्याला अजून दोन संधी द्या. पर्लच्या नराचा गळा आणि छाती नारिंगी-तांबडी झाली की तो पुन्हा तयार आहे असं समजा. ब्लूपेक्षा हा स्वभावानं बराच मवाळ, मादीला छळतही कमी.

२८ अंशाला अंडी साधारण एका दिवसात, फार तर दीड दिवसात फुटतात. मग फेसाखाली शेपट्या लोंबताना दिसतात, स्वल्पविराम टांगून ठेवावेत तशा. खाली पडलेल्याला नर उचलून परत टांगतो. आणखी दोन-तीन दिवसांनी पिल्लं आडवी होऊन पोहायला लागली की त्याची ड्यूटी संपली. तेव्हा काढा. उशीर केलात तर ती पिल्लं आपली आहेत हे त्याच्या लक्षात राहत नाही.

साताऱ्याची नववीतली एक मुलगी लिहिते: काकू, माझ्याकडं गोल्डन गुरामीची खूप पिल्लं झाली होती. काच नुसती हलल्यासारखी दिसायची. पुस्तकात वाचून मी रोज चमचाभर उकडलेल्या अंड्याचा बलक घातला. पाचव्या दिवशी पाणी दुधासारखं झालं आणि एकही पिल्लू दिसेना. मी चुकले का?

बाळ, चमचा चुकला. तू नाहीस. बलक द्यायचाच असेल तर मलमलच्या चिंधीत मुगाएवढा घेऊन पाण्यात एकदा पिळायचा, आणि तासाभरानं तळाशी साचलेलं नळीनं ओढून घ्यायचं. मी स्वतः तोही देत नाही.

या पिल्लांचं तोंड किती असेल विचार कर. अख्खं पिल्लू तुझ्या वहीतल्या टिंबाहून जेमतेम लांब. पहिले दोन-तीन दिवस पोटाला चिकटलेल्या पिवळ्या पिशवीवर भागतं. ती संपली आणि समोर तोंडात मावेल असं काही नसलं, की उपाशी मरायला फार वेळ लागत नाही. गुरामी अंडी घालतात सगळ्यांकडं. पिल्लं मोठी होतात ती थोड्यांकडं, आणि फरक फक्त पहिल्या दहा दिवसांच्या जेवणाचा असतो.

ते जेवण म्हणजे इन्फुसोरिया, डोळ्यांना धड न दिसणारे जीव. मोठ्या बरणीत टाकीचंच जुनं पाणी घे. त्यात केळ्याच्या सालीचा बोटभर तुकडा, नाही तर कोबीचं एक पान, नाही तर मूठभर भाताचा पेंढा. बरणीवर फडकं बांधून उजेडात ठेव, कडक उन्हात नको. दोन दिवसांनी पाणी पांढरट होईल आणि घाण वास येईल. आमच्या सूनबाईनं त्या दिवसांत स्वयंपाकघराची खिडकी बंद करून ठेवली होती. तो पांढरटपणा म्हणजे नुसते जिवाणू, तेव्हा ते पाणी द्यायचं नाही. आणखी तीन-चार दिवसांनी पाणी निवळतं आणि वास मंदावतो. बरणीमागं काळा कागद धरून बाजूनं मोबाइलचा टॉर्च मारलास की पांढरी धूळ स्वतःहून हलताना दिसेल. एक थेंब शाळेत नेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघ. चपलेच्या तळव्यासारखा पॅरामेशियम पुस्तकात काढून दाखवलाय ना, तो तिथं पळताना भेटेल.

हिशेब नीट लाव. बरणी तयार व्हायला आठवडा लागतो आणि पिल्लांना भूक लागते चौथ्या-पाचव्या दिवशी. म्हणून बरणी जोडी सोडायच्या आधी भरायची, आणि दोन दिवसांच्या अंतरानं दोन भरायच्या, एक नासली तर दुसरी असते. दिवसातून तीन-चार वेळा अर्धी वाटी पाणी पिल्लांत सोड. पोट भरलेलं पिल्लू कळतं, काचेसारख्या अंगात मधोमध एक गोल दिसतो.

आठ-दहा दिवसांनी आर्टेमियाची, म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या कोळंबीसारख्या बारीक जिवाची, अंडी मिठाच्या पाण्यात फोडून त्याची नुकती निघालेली पिल्लं द्यायची. त्याआधी देऊन उपयोग नाही, तोंडात जात नाहीत. ज्यांच्या तोंडात जातात त्यांची पोटं नारिंगी होतात. सगळी नारिंगी दिसेपर्यंत बरणीचं पाणी चालू ठेव.

आणि एक गोष्ट, जी मला दीडशे पिल्लं घालवून कळली. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पिल्लांचा तो हवा घेणारा अवयव तयार होतो आणि ती वर येऊन पहिल्यांदा हवा घेतात. ती हवा पाण्याइतकीच कोमट आणि दमट लागते. डिसेंबरातल्या एका पहाटे मी काचेचं झाकण धुवायला काढलं आणि तसंच उन्हात ठेवून विसरले. दोन दिवसांत तळ पांढरा झाला. तेव्हा टाकीवर झाकण ठेव, हवेला एक फट ठेव, आणि एवढे दोन आठवडे झाकणाला हात लावू नकोस. आईलाही सांगून ठेव.

पुण्याहून एक जोडपं विचारतं: आमचे किसिंग गुरामी दिवसभर तोंडाला तोंड लावून असतात. अंडी कधी?

ती कुस्ती आहे. दोघं नरही असू शकतील. हा मासा फेसाचं घरटं बांधत नाही, तरंगणारी अंडी पाण्यात सोडतो आणि मोकळा होतो. तो फुटभर वाढतो, तेव्हा अंड्यांच्या आधी मोठ्या टाकीचा विचार करा.

नागपूरचे एक निवृत्त शिक्षक लिहितात: दुकानातून ड्वार्फ गुरामीची ‘जोडी’ आणली. दोघंही लाल-निळे, अतिशय देखणे. तीन महिने झाले, फक्त भांडतात.

सर, तुम्हाला दोन नर विकलेत. ड्वार्फची मादी चंदेरी, फिकट, दुकानात नजर जाणार नाही अशी. गिऱ्हाईक तिला घेत नाही म्हणून कितीतरी दुकानदार ती आणतच नाहीत. मुद्दाम सांगून मागवावी लागते. ब्लू आणि गोल्डनमध्ये रंगावरून काही कळत नाही, तिथं पाठीचा पर बघायचा. नराचा लांब आणि टोकदार, मादीचा आखूड आणि गोलसर. बाकी ब्लू, गोल्डन, मार्बल ही एकच जात, भाव तेवढे वेगळे.

ड्वार्फ आपल्याच देशातला, गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातला. गंगेतल्या माशांवरच्या हॅमिल्टनच्या १८२२ च्या ग्रंथात तो नोंदलेला आहे. बंगालमध्ये त्याला आणि त्याच्या भावंडांना खोलिशा म्हणतात. मादी मिळवाच असं मी म्हणेन, कारण याचं घरटं बघण्यासारखं असतं. ब्लूसारखा पसरट फेस नव्हे. हा झाडाचे बारीक तुकडे तोडून आणतो, बुडबुड्यांत रोवतो आणि पाण्यावर चांगलं जाड, घट्ट उशीसारखं घरटं उभं करतो. सुगरण पक्ष्यातही खोपा विणणारा नरच असतो, तशातला प्रकार. म्हणून याच्या टाकीत रिक्सियासारखी बारीक पानांची तरंगती वनस्पती हवीच, नाही तर गवंड्याला विटाच नाहीत. सावधगिरी एकच. या जातीत एक विषाणूजन्य आजार पसरलेला आहे, त्यावर औषध नाही. नवी मादी आणली की तीन आठवडे वेगळी ठेवा. जखमा दिसल्या, पोट सुजलं किंवा रंग उतरला तर जुन्या नराजवळ नेऊ नका.

नांदेडचे एक वाचक विचारतात: आपल्या पद्धतीनं ब्लू गुरामीची चारशे पिल्लं जगवली. आता जागा नाही. डास खातील म्हणून गावच्या ओढ्यात सोडू का?

नको. हा मासा मूळचा आग्नेय आशियातला, मेकाँगच्या खोऱ्याकडचा. घाण पाण्यात जगतो, वरची हवा घेतो, मिळेल ते खातो, आणि किती अंडी घालतो ते तुम्ही स्वतःच बघितलंय. ओढ्यातल्या मुरी, दांडवण अशा देशी माशांना आधीच अडचणी कमी नाहीत.

घराचा बंदिस्त हौद असेल, ओढ्या-नाल्याशी जोडलेला नसेल, तर त्यात पाच-सहा खुशाल ठेवा, डासांच्या अळ्या शिल्लक ठेवणार नाहीत. बाकीची दीड-दोन इंचांची झाली की दुकानदार घेतात, पैसे कमी आणि माशांचं खाद्य जास्त देतात. आणि पुढच्या वेळी अंडी घातली की चमच्यानं थोडा फेस उचलून वेगळ्या भांड्यात घ्या, तेवढीच पिल्लं वाढवा. मी आता पन्नासच्या वर ठेवत नाही. जिन्याखालची चौथी टाकी सध्या रिकामी आहे, त्यात यांनी कांदे ठेवलेत.